हात वर कशासाठी न्यायचे? बादुआनजिन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पहिले तीन आठवडे मी चीगोंग या श्वास आणि संथ हालचालींच्या चिनी व्यायामाच्या वर्गात नुसते हात हलवले. पुढचा माणूस हात वर नेई, मीही नेई. तो वाकला की मी वाके. शिकवणारे म्हणत, "ऊर्जा जाणवू द्या." मला जाणवत होती ती उजव्या खांद्यातली कळ. पुढे कधीतरी त्या आठ हालचालींची चिनी नावं एकेक शब्द सोडवून वाचली आणि डोक्यात उजेड पडला. काय करायचं आणि ते कशावरचा उतारा आहे, हे दोन्ही नावातच सांगून ठेवलं होतं. मी लेबल न वाचता औषधाची बाटली नुसती हलवत बसलो होतो.

म्हणून इथे आधी हालचाल कुठून आली आणि कशासाठी, ते सांगतो. हात कुठे ठेवायचा ते त्यानंतर. चीगोंगचे प्रकार शेकड्याने आहेत. त्यातला एकच घेतोय, बादुआनजिन. उभ्याउभ्या होतो, सतरंजी लागत नाही, बारा-पंधरा मिनिटांत संपतो.

नावाचं आधी उरकून घेऊ. 'ची' म्हणजे श्वास, हवा, वाफ, आणि त्यावरून प्राण. (खरा उच्चार 'छी'च्या जवळचा आहे, पण मराठीत 'छी' लिहिलं की नाक मुरडल्यासारखं होतं.) 'गोंग' म्हणजे रोज घासून कमावलेलं कसब, तालमीतले पहिलवान 'मेहनत' म्हणतात तो अर्थ त्याला सगळ्यात जवळचा. 'बा' म्हणजे आठ, 'दुआन' म्हणजे तुकडा, 'जिन' म्हणजे किनखाब. किनखाबाचे आठ खण म्हणा.

दुखणं आधी, हालचाल मागून

सगळ्या प्रकारांना मिळून 'चीगोंग' म्हणायची पद्धत तशी अलीकडची, १९५० च्या दशकात रुळलेली. हबेइ प्रांतात ल्यू ग्वेइचन नावाचा एक सरकारी कार्यकर्ता होता. पोटातल्या अल्सरने बेजार झालेला. श्वासाच्या एका जुन्या सरावाने तो बरा झाला, मग त्याने तेच इतर रुग्णांना शिकवायला घेतलं, आणि थांगशान, बेइदायह इथे या उपचाराची आरोग्यधामं उभी राहिली. नव्या कम्युनिस्ट राजवटीला मठ-मंदिरांचा वास नसलेला शब्द हवाच होता.

त्याआधीचा जुना शब्द दाओयिन. 'दाओ' म्हणजे वाट काढून देणं, पाटाचं पाणी वळवतात तसं. 'यिन' म्हणजे ओढणं. त्या अक्षरात चक्क धनुष्याचं चित्र आहे. तुंबलेलं असेल तिथे वाट करून द्यायची, आखडलं असेल ते ओढून सोडवायचं. बादुआनजिनमधली कुठलीही हालचाल घ्या, ती या दोन क्रियापदांतच बसते.

हूनान प्रांतातल्या चांगशा शहरात, मावांगदुई या ठिकाणी, इ.स.पू. १६८ साली बंद झालेलं एक थडगं १९७३ मध्ये उघडलं. आत रेशमावर रंगवलेला एक तक्ता निघाला. चार ओळींत ४४ माणसं. बायका आहेत, पुरुष आहेत, कुणी लांब झग्यात, कुणी कमरेवर उघडं, एकाच्या हातात काठी. बऱ्याच आकृत्यांशेजारी दोन-चार अक्षरं लिहिलेली आहेत आणि खरी गंमत त्या अक्षरांत आहे. काही ठिकाणी प्राण्याचं नाव आहे, अस्वल किंवा माकड. पण काही ठिकाणी सरळ लिहिलंय: गुडघेदुखी ओढणं. बहिरेपणा ओढणं. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वीही हालचालीला नाव दुखण्यावरून पडत होतं. पुढे इ.स. ६१० मध्ये सुई राजघराण्याच्या दरबारातल्या छाओ युआनफांग या वैद्याने रोगांची कारणं आणि लक्षणं सांगणारा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. त्यात अनेक रोगांखाली काढ्याच्या कृतीऐवजी हालचाली दिल्या आहेत.

प्राण्यांचा धागा ह्वा थुओ या वैद्यापाशी येतो. हा इसवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला. वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी यांचे पाच खेळ त्याने रचले असं जुना इतिहास सांगतो. शिष्य वू फूला त्याने दिलेलं कारण मला फार आवडतं: शरीराला कष्ट हवेत, फक्त टोकाचे नकोत, हललं की अन्न जिरतं, रक्त वाहतं, रोज उघडझाप होणाऱ्या दाराचं बिजागर कुजत नाही तसं. हा वू फू नव्वदी ओलांडून जगला आणि दात शाबूत होते, अशी नोंद आहे. सगळ्यांनाच हे पटत होतं असं मात्र नाही. च्वांगत्झ या ग्रंथात 'अस्वलासारखे लोंबणारे, पक्ष्यासारखे ताणणारे' लोक येतात ते दीर्घायुष्याच्या मागे लागलेली मंडळी म्हणून, जरा तिरकसपणेच.

आता आपल्याकडच्या व्हॉट्सॲपचा आवडता मुद्दा. "हे सगळं आपल्याच योगातून तिकडे गेलं, बोधिधर्माने नेलं." बोधिधर्म म्हणजे भारतातून चीनला गेलेला बौद्ध भिक्षू. त्याच्या नावावर जो कसरतींचा ग्रंथ खपतो, यीजिनजिंग, त्याचा माग सतराव्या शतकाच्या मागे लागत नाही, बोधिधर्म त्याच्या हजारेक वर्षं आधीचा. तेव्हा तो दाखला सोडून द्या. पण एक दुवा खरोखर आहे आणि नेमका तो फॉरवर्ड कुणी करत नाही. सातव्या शतकातल्या सुन सिमिआओ या वैद्याच्या ग्रंथात 'भारतातील मर्दन' असा भाग येतो, 'ही ब्राह्मणांची पद्धत' असं सांगून. त्यात १८ हालचाली आहेत. हात धुतल्यासारखे हात एकमेकांत पिळायचे, जमिनीला हात टेकून वाघासारखं मागे पाहायचं, आणि जड धनुष्य ओढल्यासारखा हात डावीकडे-उजवीकडे ओढायचा. म्हाताऱ्याने रोज तीनदा केलं तर महिन्याभरात घोड्याच्या वेगाने पळेल असंही आश्वासन आहे. वाघाची नजर आणि धनुष्य चिनी दाओयिनमध्येही भेटतात, त्यामुळे भारताचं किती आणि भारताच्या नावावर खपवलेलं किती, हे वेगळं काढणं अवघड. माझं मत विचाराल तर शरीर दोन्हीकडे सारखंच आखडतं.

बादुआनजिन हे नाव बाराव्या शतकात हुंग माय या लेखकाच्या कथासंग्रहात भेटतं. १११७ साली एक अधिकारी मध्यरात्री उठून बसून श्वास आणि मर्दनाचा हा सराव करी, असं त्यात आहे. तो झाला बसून करायचा प्रकार. उभ्याचाही त्याच शतकात लिहून ठेवलेला सापडतो. सेनापती युए फेइने सैनिकांसाठी तो रचला ही गोष्ट वर्गावर्गांत सांगतात; ऐकायला छान, पुरावा नाही. आठ ओळींचं जे गाणं आज पाठ करतात ते छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या अखेरीस घडलं, आणि २००३ मध्ये चीनच्या क्रीडा प्रशासनाने प्रमाण संच ठरवून दिला. यूट्यूबवर संगीताच्या तालावर जो दिसतो तो बहुधा हाच.

उभं राहायला शिका

हे कुणी शिकवत नाही आणि अर्धं काम इथेच आहे. पावलं खांद्याइतकी लांब, एकमेकांना समांतर. बहुतेकांचे चवडे बदकासारखे बाहेर असतात, ते सरळ करा. गुडघ्यातलं कुलूप काढा, म्हणजे गुडघा वाकवायचा नाही, फक्त मागे ठोकून ठेवायचा नाही. माकडहाड खाली सोडा. डोकं वरून दोरीने टांगल्यासारखं. जिभेचं टोक टाळूला हलकेच. आता एक मिनिट काहीच करू नका. खांदे कानाजवळ गेलेले असतील, ते आपोआप खाली येतात.

पोटभर जेवून लगेच करू नका. अनवाणी किंवा सपाट तळव्याचे बूट. श्वास नाकाने, हात वर जाताना किंवा उघडताना आत, खाली येताना किंवा मिटताना बाहेर. पहिल्या पंधरवड्यात श्वासाचं गणित जुळत नसेल तर सोडून द्या, हालचाल संथ झाली की श्वास मागोमाग येतो.

आठ खण

पहिला: दोन्ही हातांनी आभाळ तोलणं, तिन्ही शेगड्या नीट लावणं. चिनी वैद्यकात धडाचे तीन भाग मानतात, छाती, पोट आणि ओटीपोट, आणि त्यांना 'सानज्याओ' म्हणतात. शब्दाचा अर्थ तीन शेगड्या, तीन चुली. वरच्या चुलीवर श्वास, मधल्यावर अन्न, खालच्यावर उत्सर्जन. म्हणून बोटं बेंबीखाली गुंफायची, तळहात छातीपर्यंत उचलायचे, तिथे उलटे करून आभाळाकडे ढकलायचे. क्षणभर थांबायचं, मग हात बाजूंनी खाली. सहा वेळा. आता उद्देश माहीत आहे, तर कुठे पाहायचं तेही कळतं. मनगटाकडे नाही, बरगड्यांकडे. बरगडी आणि कमरेचं हाड यांतलं अंतर वाढलं तर हालचाल झाली. खांदे कानाला चिकटले आणि बरगड्या जागच्या हलल्या नाहीत तर तुम्ही फक्त पंखा पुसलात.

दुसरा: डावी-उजवीकडे धनुष्य ओढणं, गरुड टिपल्यासारखं. हा माझा लाडका, म्हणून जरा रेंगाळतो. बाकीच्या हालचाली पोट, कंबर, पाय यांच्या गोष्टी सांगतात. ही थेट शिकारीतून आलीय. सिमा छिएन या प्राचीन चिनी इतिहासकाराच्या ग्रंथात ली ग्वांग हा सेनापती तीन शत्रूंची तिरंदाजी पाहून म्हणतो, हे नक्की गरुड मारणारे असणार. उडता गरुड पाडणं ही धनुर्धराची शेवटची परीक्षा होती. तेव्हा ही हालचाल ढिली होऊन चालत नाही.

डावा पाय बाजूला टाका, मनगटं छातीसमोर एकमेकांवर, डावा हात बाहेरच्या बाजूला. मग बसकण घेता घेता दोन्ही हात एकमेकांपासून ओढत न्या. उजव्या हाताची बोटं आकड्यासारखी वळलेली, तो उजव्या खांद्यापुढे येऊन थांबतो; ही दोरी. डावा हात बाजूला लांब जातो, तर्जनी आणि अंगठा उघडे, बाकीची तीन बोटं मिटलेली, मनगट उभं, हे धनुष्य. नजर त्या तर्जनीच्या पलीकडे, लांब. आता नीट लक्ष द्या: उघडलेला अंगठा आणि तर्जनी किंचित मागे ताणून पाहा. हाताच्या आतल्या बाजूने, कोपरावरून, काखेपुढून छातीपर्यंत एक दोरी खेचली जाते. चिनी वैद्यकात फुफ्फुसाची वाहिनी, म्हणजे ची वाहण्याची वाट, अंगठ्यात संपते आणि मोठ्या आतड्याची तर्जनीत सुरू होते. वाहिन्या माना किंवा नका मानू, ओढ छातीत पोचते हे खरं. दिवसभर कीबोर्डवर पुढे झुकलेल्या खांद्यांना हीच हवी असते. तीन वेळा डावीकडे, तीन उजवीकडे. मांड्या थरथरल्या तर बसकण कमी करा. धनुष्य कमी करू नका.

तिसरा: एक हात वर, पोटासाठी. एक तळहात डोक्यावर आभाळाकडे, दुसरा कमरेशेजारी जमिनीकडे, दोन्ही एकदम ढकलायचे. प्लीहा आणि जठर यांत एक वर नेणारं आणि एक खाली नेणारं, असं चिनी वैद्य मानतात. हातांनी त्याचीच नक्कल. एकेका बाजूला तीनदा.

चौथा: पाच थकवे, सात इजा, मागे वळून पाहा. हे पाच थकवे कोणते ते हुआंगदी नेइजिंग या प्राचीन वैद्यकग्रंथात आहे: फार पाहिल्याने रक्त बिघडतं, फार लोळल्याने ची, फार बसल्याने मांस, फार उभं राहिल्याने हाडं, फार चालल्याने स्नायुबंध. पहिला आणि तिसरा थकवा वाचून मला वाटलं, कुणीतरी आमच्या ऑफिसात डोकावून गेलं. हात खाली सोडून बाहेरच्या बाजूला पिळा, इतके की अंगठे मागे जातील, छाती आपोआप उघडते. मग मान सावकाश वळवून मागे पाहा. धड वळू द्यायचं नाही. धड वळलं की मान मोकळी राहते आणि सगळं फुकट. चक्कर येत असेल तर डोळे उघडे ठेवा आणि अर्धंच वळा. हीसुद्धा तीन-तीनदा.

पाचवा: डोकं डोलवा, शेपूट हलवा, हृदयाचा अग्नी शांत करा. 'हृदयाचा अग्नी' म्हणजे चिडचिड, झोप न लागणं, तोंड येणं, असली लक्षणं. उपाय म्हणजे खालचं पाणी वर आणणं, आणि ते पाणी कमरेत, मूत्रपिंडांपाशी. म्हणून डोकं एकीकडे आणि माकडहाड दुसरीकडे फिरवायचं, मधला कणा वेलीसारखा वळतो. रुंद बसकण, हात मांड्यांवर, धड एका बाजूला झुकवून तिथल्या पावलाकडे नजर, मग धड खालून समोरून दुसऱ्या बाजूला न्यायचं, आणि डोकं मागून वर येतं तेव्हा कंबर पुढून उलटी. लिहून समजत नाही, पाहून घ्या. इथेच माझा डावा गुडघा गेला होता. सगळ्यांनी खाली बसलं पाहिजे असा तिथला आग्रह, आणि मी हट्टाने बसलो. दीड महिना जिन्यावर कठडा धरून चढलो. शेपूट हलवायला बसकण खोल लागत नाही. चाळिशीपुढच्यांनी पहिले तीन महिने जवळजवळ उभ्यानेच करावी. दोन्ही बाजूंना मिळून सहा फेऱ्या पुरतात.

सहावा: दोन्ही हातांनी पाय गाठा, कंबर आणि मूत्रपिंडं पक्की करा. हात वर, मग तळहात छातीसमोरून खाली, काखेखालून पाठीवर. तिथून तळहात कण्याच्या दोन्ही बाजूंनी घासत कमर, नितंब, मांडीचा मागचा भाग, पोटऱ्या, आणि पोचतील तिथपर्यंत खाली. उठताना आधी हात पुढे जातात, त्यांच्या मागे धड येतं. पावलाला बोट लागणं हा हेतूच नाही. हात कमरेवरून घासत गेला की तिथे ऊब येते, ती खरी. सहा वेळा. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे त्यांनी, आणि ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी, डोकं खाली लोंबवू नये. गुडघ्यापर्यंत हात नेऊन परत यावं. स्लिप डिस्क असेल तर ही हालचाल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

सातवा: मुठी आवळा, डोळे वटारा, बळ वाढवा. यकृताचं दार डोळ्यांत आणि यकृताचा ताबा स्नायुबंधांवर, म्हणून डोळे आणि मुठी एकत्र. मूठ करताना अंगठा आत, बाकीची चार बोटं वरून, तान्ही बाळं मिटतात तशी. लाओत्झ या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात बाळाच्या या घट्ट मुठीचं कौतुक आहे. मूठ सावकाश समोर, डोळे खरोखर वटारलेले. सुरुवातीला हसू येतं. येऊ द्या. इथेही बसकण आहे, तिला पाचवीचाच नियम.

आठवा: पाठीमागे सात धक्के, शंभर रोग पळतात. टाचा उचला, डोकं वर ताणा, क्षणभर थांबा, आणि टाचा टेकवा. सात वेळा. शंभर रोगांचं राहू द्या, पण टाच टेकताना तो हलका हादरा पोटरी, कणा, कवटीपर्यंत जातो आणि आधीच्या सात हालचालींत सैल झालेलं सगळं जागेवर बसतं. धान्य मापताना माप आपटून बसवतात तसं. नवखे लोक इथे धपकन आदळतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा येऊन विचारलं होतं, सकाळी सकाळी काय कुटता? टाच अर्धी सावकाश खाली आणायची आणि शेवटचं बोटभर अंतर सोडून द्यायचं, आवाज येता कामा नये. हाडं ठिसूळ झालेल्यांनी आणि गरोदर बायकांनी धक्का गाळावा. टाचा उचलून हळू ठेवल्या तरी समतोलाचा व्यायाम होतो.

झालं की तळहात बेंबीवर, एकावर एक, आणि पाच-सहा श्वास तसंच उभं राहायचं.

किती दिवसांत काय

सगळं एकदम शिकू नका. पहिल्या आठवड्यात उभं राहणं, पहिला आणि आठवा. दुसऱ्या आठवड्यात दुसरा आणि तिसरा. चौथा, सहावा आणि सातवा पुढच्या पंधरवड्यात. पाचवा सगळ्यात शेवटी, घाई नाही. रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा कितीतरी बरी.

'ची' वाहतेय की नाही हे शोधत बसू नका. तळहात गरम होणं, बोटांत मुंग्या, जांभया, पोटात गुरगुर, हे होतं. होत नसेल तरी काही बिघडलेलं नाही. आणि कुणी कितीही रंगवून सांगितलं तरी रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी यासाठी बंद करायची नाही.

शेवटचं. दुसऱ्या वर्गात गेलात किंवा जुना व्हिडिओ पाहिलात तर सहावा, सातवा, आठवा यांचा क्रम वेगळा दिसेल. टाचांचे धक्के सहाव्या जागी, पाय गाठणं सर्वांत शेवटी. जुन्या गाण्यात तो तसाही आहे, चूक कुणाचीच नाही. क्रमावरून वाद घालण्यापेक्षा शिकवणाऱ्याला एकच विचारा: ही हालचाल कशासाठी? उत्तरात मान, कंबर, पोट, बरगडी असं काहीतरी हाताला लागणारं आलं तर त्या माणसाकडे फी भरा.